नाणेघाटातले चोवीस हजार चारशे

जुन्नरहून घाटघरचा रस्ता धरला की तो सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतो आणि तिथून पायवाट कोकणात उतरते. हा नाणेघाट. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. धुके, वारा, भाजलेले कणीस आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण, एवढे पाहून बहुतेक मंडळी परततात. थोडे खाली उतरले की जे लेणे लागते, त्यात काही जण पावसापासून आडोसा म्हणून उभे राहतात. आपल्या पाठीमागच्या भिंतीवर आकडे कोरलेले आहेत, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

ते आकडे सातवाहन काळातले, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. नेमक्या शतकाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेल्या या लेखात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. ११,००० गायी, १,००० घोडे, १७ चांदीचे घडे, एका यज्ञात १०,००१ गायी, प्रेक्षक आणि सेवकवर्गाला ६,००१ कार्षापण. आणि वाचता येणाऱ्या आकड्यांतला सर्वांत मोठा म्हणजे दक्षिणेचे २४,४०० कार्षापण. कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे. ते चांदीचे आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपासचे धरले, तर ही दक्षिणा ऐंशी किलोंच्या घरात जाते. एका बैलाच्या पाठीवर मावेल इतकी चांदी.

हा आकडा दगडावर लिहिला कसा, हे बघण्यासारखे आहे. आज आपण २, ४, ४, ०, ० असे पाच अंक लिहितो. नाणेघाटाच्या कारागिराने तीनच खुणा कोरल्या: वीस हजारांची एक, चार हजारांची एक आणि चारशेची एक. हजाराच्या खुणेला वीसची खूण जोडली की वीस हजार, चारची जोडली की चार हजार. शंभराच्या खुणेला चारची जोडली की चारशे. शून्य नाही, कारण त्याची गरजच नाही. रिकामी जागा दाखवायची वेळ स्थानावर किंमत ठरणाऱ्या पद्धतीतच येते. इथे प्रत्येक खूण आपली किंमत स्वतःजवळ बाळगून असते.

या खुणा लावून दाखवण्याचे मोठे काम पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. नाणेघाटाच्या अंकांवरचा त्यांचा लेख १८७६ मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांना जुनागढहून मुंबईला आणून या कामाला लावणारे गृहस्थ होते डॉ. भाऊ दाजी लाड; ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी झटणारे आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचणारे. त्या पिढीतल्या वैद्यकीच्या माणसांना असे ‘उरलेले वेळ’ कुठून मिळत, कोण जाणे.

आता २४,४०० या संख्येकडे नुसती संख्या म्हणून पाहू. तिचे तुकडे पाडले तर १६, २५ आणि ६१ यांचा गुणाकार मिळतो. १६ म्हणजे चार वेळा दोन, २५ म्हणजे दोन वेळा पाच आणि ६१ ही मूळ संख्या, तिचे आणखी तुकडे होत नाहीत. एवढे कळले की कोणत्या संख्यांनी तिला नि:शेष भाग जातो ते मोजता येते. दोनचे पाच पर्याय (एकही नाही, एक, दोन, तीन, चार), पाचचे तीन, एकसष्टचे दोन. ५ × ३ × २ म्हणजे ३० विभाजक.

दक्षिणा वाटायची असते, म्हणून विभाजकांना इथे अर्थ येतो. मोठ्या सोमयागात सोळा ऋत्विज असतात. २४,४०० ला १६ ने भागले की प्रत्येकी १,५२५, बाकी काही नाही. पण शास्त्रात दक्षिणा सारखी वाटत नाहीत. सोळा जणांचे चौघाचौघांचे चार गट; पहिल्या गटाला पूर्ण वाटा, दुसऱ्याला त्याचा अर्धा, तिसऱ्याला तिसरा हिस्सा, चौथ्याला पाव. पूर्ण वाटा १२ धरला तर इतरांचे ६, ४ आणि ३ होतात. चौघांच्या हिशेबाने एकूण वाटे बरोबर १००. आणि २४,४०० ला शंभराने भागले की २४४. म्हणजे मुख्य ऋत्विजांना प्रत्येकी २,९२८, दुसऱ्या गटाला १,४६४, तिसऱ्याला ९७६ आणि चौथ्याला ७३२. एक कार्षापणही मोडावा लागत नाही. नाणेघाटाच्या लेखात वाटपाचा असा तपशील नाही आणि तिथे असेच वाटले असेल असा दावा करण्याचे कारण नाही. शंभराच्या कुठल्याही पटीला ही सोय मिळतेच. पण शेकड्यात आकडे ठरवणाऱ्या माणसाला ही सोय माहीत नसेल, असे मानणेही कठीण आहे.

त्याच्या उलट १०,००१ आणि ६,००१. आजही लग्नाच्या पाकिटात शंभर नव्हे, एकशे एक रुपये घालतात. तो वरचा एक नाणेघाटात भेटतो. गणिताच्या दृष्टीने हा एक मोठा खट्याळ आहे. १०,००० ला पंचवीस विभाजक आहेत. एक गाय वाढवली की ते घसरून चारवर येतात: १, ७३, १३७ आणि १०,००१ स्वतः. ६,००१ चेही तसेच, १७ गुणिले ३५३. एकाचा फरक, पण वाटपाला बसलेल्या माणसाला विचारा.

विभाजकांवरून संख्यांची वर्गवारी करण्याची पद्धत जुनी आहे. इसवी सनाच्या १०० च्या सुमारास निकोमेकस या ग्रीक गणित्याने ती मांडली. संख्या स्वतः सोडून बाकीचे विभाजक मिळवायचे. बेरीज तितकीच आली तर परिपूर्ण, कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल. ६ परिपूर्ण, कारण १ + २ + ३ म्हणजे ६. २४,४०० ची बेरीज येते ३५,१८२, म्हणून ती विपुल. १०,००१ ची बेरीज अवघी २११. न्यून म्हणजे किती न्यून, याचे हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहावे असे आहे. जाता जाता आणखी एक गंमत: २४,४०० स्वतःसकट सारे विभाजक मिळवले की ५९,५८२ होतात, आणि ही संख्या म्हणजे ३१ चा घन गुणिले दोन.

शेताच्या भाषेतही ही संख्या मांडता येते. शंभर हात बाजूचा एक चौरस आणि एकशे वीस हात बाजूचा दुसरा, दोन्हींचे क्षेत्रफळ मिळून २४,४०० चौरस हात. असे दोन चौरस आणखी दोन प्रकारे सापडतात: १५६ आणि ८, तसेच १५२ आणि ३६. दोन वर्गांच्या बेरजेला तसल्याच दुसऱ्या बेरजेने गुणले तर उत्तरही दोन वर्गांची बेरीजच येते, हा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातल्या सूत्रातून निघतो. ५ आणि ६१ या दोन्ही तशा बेरजा आहेत (१ + ४ आणि २५ + ३६), म्हणून २४,४०० ला हे तीन मार्ग मिळाले.

इथपर्यंतचे सारे गुण संख्येचे स्वतःचे आहेत. ब्राह्मीत लिहा, रोमन आकड्यांत लिहा किंवा चोवीस हजार चारशे खडे मोजून ठेवा, विभाजक तीसच राहतात. दुसऱ्या जातीचे गुण मात्र लिहिण्याच्या पद्धतीतून येतात, आणि त्यांचा राजा मराठी होता. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले, देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर गेली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, असे करत राहिलात की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबता. नाणेघाटातील ६,००१ वर हा प्रयोग केला तर ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पूर्ण सात पायऱ्या. १,७०० ही संख्याही त्या लेखात आहे, ती तीनच पायऱ्यांत पोहोचते.

कापरेकरांनी ‘हर्षद’ नावाचा आणखी एक वर्ग केला: आपल्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती संख्या. २ + ४ + ४ म्हणजे १०, आणि २४,४०० ला दहाने भाग जातो. तेव्हा नागनिकेची दक्षिणा हर्षद ठरते. ११,००० हीसुद्धा हर्षद. ६,००१ नाही. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या बनवायची, हा त्यांचा आवडता खेळ होता. २४,३७७ मध्ये २३ मिळवले की २४,४०० जन्मते. १०,००१ ला तर दोन जन्मदाते आहेत, १०,००० आणि ९,९७३. अशा संख्यांना कापरेकर जंक्शन म्हणत. देवळालीच्या मास्तरांना रेल्वेचा शब्द जवळचा असणारच. मात्र हे सारे दशमान पद्धतीचे देणे आहे. नाणेघाटच्या कारागिराने ज्या खुणा कोरल्या त्यांत २०, ४ आणि ४ दिसतात, त्यांची बेरीज २८, आणि २४,४०० ला २८ ने भाग जात नाही. संख्या तीच, पण लिपी बदलताच हर्षदपण गेले.

संख्येचे काय आणि लिखाणाचे काय, हा फरक दवाखान्यात फार महागात पडतो.

नाणेघाटच्या पद्धतीत एक खूण झिजली तर चूक तेवढ्या खुणेपुरती होते. चारशेची खूण गेली तर २४,००० उरतील. आपल्या पद्धतीत एक शून्य गळले की २,४४० होतात. चूक थेट दसपट. औषधाच्या मात्रेत हीच दसपट चूक सर्वांत धोक्याची, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर जिवावर बेतणारी. म्हणून डॉक्टरांनी ‘.५’ असे लिहू नये, ‘०.५’ लिहावे, कारण टिंब दिसले नाही तर पाच दिले जातील, आणि ‘५.०’ असेही लिहू नये, नुसते ‘५’ लिहावे, कारण टिंब पुसले तर पन्नास होतील. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी काढलेला इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिला तर चार सेकंद जास्त लागतात.

मराठी मुलखात यात आणखी एक भर आहे. देवनागरीतला एक आणि इंग्रजी नऊ यांचे तोंड सारखे. देवनागरीतला चार घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो. आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यातून, भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांवरून मंचरला किंवा घोडेगावला सरकारी रुग्णालयात आलेल्या आजोबांच्या पिशवीत दोन्ही अंकांतले कागद निघतात: गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी मराठी अंकांत, तपासणीचा अहवाल इंग्रजी अंकांत. वाचणाऱ्याने आधी कोणती लिपी ते ठरवावे, मग आकडा.

बोलण्याचे तर विचारूच नका. दगडावर आधी वीस हजार आणि मग चार हजार कोरले आहेत, पण आपली जीभ ‘चोवीस’ म्हणते, आधी चार आणि मग वीस. ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिणारा माणूस अडाणी नसतो; त्याने जे आधी ऐकले ते आधी लिहिले. एकोणपन्नास, एकोणसत्तर यांत तर ज्याचे नाव घेतो तो दशक त्या संख्येत नसतोच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्या लिहिताना होणारा गोंधळ हेच कारण दिले होते. बावन्न-त्रेपन्न टाकून द्यावेत असे कोणी म्हणत नव्हते, आणि टाकूही नयेत. पण केसपेपरच्या खिडकीवर क्रमांक सांगताना मात्र ‘चार, तीन’ असे सुटे अंकच सांगावेत. रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी तिच्यावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक दोघांनी मिळून ताडून पाहायचा असतो. तो असाच, एकेक अंक मोठ्याने उच्चारून. चुकीच्या गटाचे रक्त गेले तर काही मिलिलीटरमध्येही रुग्ण दगावू शकतो.

या चुका यंत्राला कळाव्यात म्हणून लांब क्रमांकांच्या शेवटी राखणीचा एक अंक ठेवतात. आधारचा क्रमांक बारा अंकी, पण त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने ठरतो. अंकांची नुसती बेरीज करून हे भागत नाही, कारण २४,४०० आणि ४२,४०० यांच्या अंकांची बेरीज एकच येते; उलटे लिहिलेले अंक बेरजेला कळत नाहीत. नेदरलँड्सचे याकोबस फेरहूफ यांनी १९६९ मध्ये यावर तोड काढली आणि आधारमध्ये तीच वापरली आहे. पंचकोन घ्या. तो पाच प्रकारे फिरवता येतो आणि पाच प्रकारे उलटता येतो. एकूण दहा हालचाली, दहा अंकांना एकेक. आधी फिरवून मग उलटणे आणि आधी उलटून मग फिरवणे यांचे फळ वेगवेगळे येते. जखम धुऊन पट्टी बांधणे आणि पट्टी बांधून जखम धुणे यांत जेवढा फरक, तेवढा. क्रम बदलला की उत्तर बदलते, म्हणून शेजारचे दोन अंक उलटे झाले तरी ते या पद्धतीला कळते. एखादाच अंक चुकला तर ती चूकही हमखास सापडते.

पण सगळ्याच चुका सापडत नाहीत. मनाला येतील ते बारा अंक टाकले तर दहांपैकी एकदा शेवटचा अंक योगायोगाने जुळतो. आणि क्रमांक बिनचूक असूनही माणूस दुसराच असेल, तर पंचकोन काय करणार? एकाच वाडीत एकाच नाव-आडनावाच्या दोन बाया असणे नवलाचे नाही. म्हणून परिचारिकेने ‘तुम्हीच ना अमुकबाई?’ असे विचारू नये. थकलेला, कानाने मंद झालेला माणूस त्यावर मान हलवतोच. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा’ असे विचारावे. रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही एकच प्रश्न तीनदा का विचारतात म्हणून चिडू नये. तीनदा विचारतात तिथेच थोडे निर्धास्त असावे.

एक गोष्ट दोनदा, दोन तऱ्हांनी नोंदवण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताने दिलेल्या दानाचा लेख आहे. तिथे कार्षापणांची संख्या ‘तीन सहस्र’ अशी अक्षरात लिहून पुढे ३,००० ची खूणही कोरली आहे. बँकेच्या चेकवर आपण ‘अक्षरी रुपये’ लिहितो तसेच. असे अक्षर आणि अंक शेजारी शेजारी सापडतात, म्हणून तर जुन्या अंकांच्या किमती पडताळून पाहता येतात. नाणेघाटात बहुतेक आकडे नुसते अंकांत आहेत. लेण्याचे तोंड वाऱ्या-पावसाकडे आहे, मजकुराचे मोठे तुकडे झिजून गेले आहेत, मागच्या भिंतीवरच्या राजा-राणीच्या मूर्ती जाऊन पायांच्या खुणा आणि वरची नावे एवढेच उरले आहे. त्या भिंतीला टेकू नये, तिच्यावर खडू किंवा पाणी लावून फोटो काढू नयेत. वीस हजारांची, चार हजारांची आणि चारशेची अशा तीनही खुणा अजून वाचता येतात.